पोटाच्या तपासण्या: रिपोर्टवर काय लिहिलंय आणि येताना काय पाळायचं

रिपोर्टचं पाकीट जिन्यातच फोडायचं, ठळक छापलेला एखादा आकडा बघून धसका घ्यायचा आणि मोबाईलवर शोधत पायरीवर बसायचं, हे आमच्या लॅबच्या दारात रोज चालतं. म्हणून हे पत्रक. ते वाचून कुणी डॉक्टर होणार नाही, पण डॉक्टर काय सांगतायत ते समजेल आणि मुख्य म्हणजे तपासणीला येताना गडबड होणार नाही. आमच्या पाहण्यात पोटाचे रिपोर्ट फसतात ते बहुतेक वेळा तयारी नीट न झाल्यामुळे.

आधी चहाचं सांगतो. गगनबावडा, राधानगरीकडून पहिल्या एसटीने आलेली मंडळी स्टँडवर उतरली की चहा घेतातच. "अर्धाच कप घेतला ओ, बिस्कीटसुद्धा न्हाई खाल्लं!" पोटाच्या सोनोग्राफीला तो अर्धा कपही नडतो. पित्ताशय म्हणजे यकृताखालची छोटी पिशवी. उपाशीपोटी ती पित्तरसाने भरलेली असते, त्यामुळे तिची भिंत आणि आतला खडा स्पष्ट दिसतो. दुधातला स्निग्धांश आतड्यात उतरला की ती आकसते, आणि आकसलेल्या पिशवीतला बारीक खडा नजरेतून सुटू शकतो. म्हणून ६ ते ८ तास काही खायचं नाही, दुधाचा चहाही नाही. साधं पाणी चालतं. ओटीपोट बघायचं असेल तर उलट भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून यायचं. नुसत्या एलएफटीसाठी, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीसाठी, उपाशी राहायची सहसा गरज नसते. बीपीची गोळी आपल्या मनाने चुकवू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं की नाही, हे मात्र आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा.

शब्दांची शेपटं

रिपोर्टवरचे लांबलचक शब्द शेवटाकडून वाचले की निम्मे सुटतात. शेवटी 'आयटिस' असेल तर त्या अवयवाला सूज किंवा दाह आहे: गॅस्ट्रायटिस जठराचा, हेपटायटिस यकृताचा, पॅन्क्रियाटायटिस स्वादुपिंडाचा, कोलायटिस मोठ्या आतड्याचा. 'स्कोपी' म्हणजे कॅमेऱ्याने आत बघणं, 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणं, 'ऑस्टमी' म्हणजे नवं तोंड करणं, 'मेगॅली' म्हणजे आकार वाढलेला, 'लिथियासिस' म्हणजे खडे. कोलेलिथियासिस वाचून घाबरून आलेल्या ताईंना आम्ही एवढंच सांगितलं, "पित्ताशयात खडे आहेत, जे तुम्हाला सोनोग्राफीवाल्यांनी कालच सांगितलंय."

मात्र शेपूट एक म्हणून आजाराचं वजन एक नसतं. 'माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस' (जठराच्या खालच्या टोकाचा सौम्य दाह) हे एंडोस्कोपीच्या कितीतरी कागदांवर असतं आणि त्यावर बहुतेकांना फार काही करावं लागत नाही. पॅन्क्रियाटायटिसचा झटका आला तर बहुधा ॲडमिट व्हावं लागतं. पोटात वर, मधोमध असह्य दुखतंय, कळ पाठीत जातेय आणि रक्तात लायपेजचं (स्वादुपिंडातल्या पाचक द्रव्याचं) प्रमाण नेहमीच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त आहे, तर डॉक्टर तिकडेच बोट दाखवतात. आपल्याकडे त्याची दोन मोठी कारणं म्हणजे दारू आणि पित्ताशयातून घसरलेला खडा. पित्तनळीत अडकलेला खडा दिसतो एमआरसीपीत, ती एमआरआयचीच एक पद्धत आहे. तो काढतात ईआरसीपीने, तोंडावाटे दुर्बीण घालून.

मिसळ आणि अल्सर

"मिसळ बंद केली तरी अल्सर कसा झाला?" हा कोल्हापुरात हमखास येणारा प्रश्न. कट, तांबडा रस्सा यांनी आधीची जळजळ वाढते, आंबट पाणी वर येतं, हे खरं. पण जठरात किंवा त्यापुढच्या आतड्यात जखम पाडणारी मुख्य कारणं दोन: एच. पायलोरी हा जंतू, आणि गुडघे-कंबरेसाठी दुकानातून मागून घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या. त्या तुम्ही घेत असाल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. लोक मिसळ कबूल करतात, गोळ्या सांगत नाहीत.

अल्सर जंतूमुळे होऊ शकतो, हे डॉक्टरांनाही बराच काळ पटत नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये या जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, आणि रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. आता त्यावर ॲसिड कमी करणारी गोळी आणि त्याबरोबर अँटिबायोटिक्स असा साधारण १४ दिवसांचा कोर्स असतो. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून तो अर्ध्यावर सोडला तर जंतू राहतो.

एच. पायलोरीची तपासणी शौचातून, श्वासातून किंवा दुर्बिणीने काढलेल्या तुकड्यावरून होते. पॅन्टोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्यांपैकी काही चालू असेल तर जंतू दबून राहतो आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून या गोळ्या डॉक्टरांना विचारून २ आठवडे आधी, अँटिबायोटिक्स ४ आठवडे आधी थांबवायच्या असतात. जंतू गेला का हे बघायचं तर कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी या. रक्तातली अँटिबॉडी जंतू गेल्यावरही बरेच दिवस पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे त्यासाठी ती उपयोगाची नाही. आणि निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं नाही. "निगेटिव्ह आलंय म्हंजी वाईट का?" असं कितीतरी काका विचारतात, म्हणून लिहिलं.

शौचाचा नमुना

लाजायचं काही नाही. एके काळी लोक काडेपेटीतून नमुना आणत. आता आमच्याकडून झाकणाची डबी घेऊन जा, फुकट आहे. लघवी आणि संडासातलं पाणी त्यात मिसळू देऊ नका. सुपारीएवढा पुरे, डबी काठोकाठ भरायची नाही. आव किंवा रक्त दिसत असेल तर नेमका तोच भाग घ्या. पातळ जुलाब असतील तर नमुना अर्ध्या तासात पोचला पाहिजे, कारण जिवंत अमीबा हलताना दिसतो तो ताज्या नमुन्यातच. बाहेरगावचे असाल तर लॅबमध्ये येऊनच द्या.

'ऑकल्ट ब्लड' म्हणजे डोळ्यांना न दिसणारं रक्त. चिठ्ठीवर एफआयटी असेल तर खाण्याचं पथ्य नाही. जुन्या पद्धतीच्या तपासणीला मात्र ३ दिवस आधीपासून मटण बंद, कारण बकऱ्याचं रक्तही त्यात पॉझिटिव्ह दाखवतं. रविवारचा बेत आटोपून सोमवारी सकाळी डबी आणू नका.

कावीळ आणि एलएफटी

बिलिरुबिन म्हणजे रक्तातलं पिवळं द्रव्य, ते साधारण १.२ पर्यंत ठीक धरतात. डोळे पिवळे दिसतात ते बिलिरुबिन अडीच-तीनच्या आसपास गेल्यावर. एसजीपीटी, एसजीओटी वाढले म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्यात. अल्कलाइन फॉस्फटेज जास्त वाढलं की डॉक्टर पित्तनळीच्या अडथळ्याचा विचार करतात. कधीकधी बिलिरुबिन जरासंच वाढलेलं, बाकी सगळं ठीक, आणि नवरात्राच्या उपवासात ते आणखी थोडं वर जातं. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. ही जन्मजात ठेवण आहे, तिला औषध लागत नाही, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.

कावीळ हे लक्षण आहे, त्यामागची कारणं अनेक. हेपटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून येतात. इचलकरंजीत २०१२ मध्ये ई ची मोठी साथ येऊन गेली, ती आपल्या भागातले लोक विसरलेले नाहीत. ई ची कावीळ गरोदर बाईला फार धोक्याची. बी आणि सी रक्तातून पसरतात, आणि बी ची लस उपलब्ध आहे. काविळीची माळ गळ्यात घालायची असेल तर घाला, आमचं भांडण नाही, पण रक्त आधी तपासा. ए ची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, श्रेय माळेला जातं. खड्याने किंवा गाठीने झालेली उतरत नाही आणि तेवढे दिवस वाया जातात.

फॅटी लिव्हर ग्रेड १ आल्यावर "मी तर दारूला शिवत नाही" म्हणून लोक चिडतात. वजन आणि शुगरनेही ते होतं. सोनोग्राफी फक्त चरबी दाखवते. यकृत किती कडक झालंय ते फायब्रोस्कॅनवर कळतं.

दुर्बीण

जठराच्या एंडोस्कोपीला ६ ते ८ तास उपाशी. घशात बधिर करणारा फवारा मारतात. ओकारी येते, पण बघायचं काम काही मिनिटांत संपतं. कोलोनोस्कोपीत त्रास दुर्बिणीपेक्षा आदल्या दिवसाचा जास्त. पावडर घातलेलं जवळजवळ दोन लिटर पाणी प्यायचं आणि शौचाला पिवळसर, स्वच्छ पाणी येईपर्यंत संडास गाठत राहायचं. कोकम सरबत, बीट, लाल रंगाचं काहीही नको. आत ते रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा.

तुकडा काढला म्हणजे कॅन्सर, असं समजू नका. गॅस्ट्रायटिससाठी, जंतूसाठी, सीलिॲकसाठीही (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला होणाऱ्या त्रासासाठी) तुकडा घेतात. त्या रिपोर्टला काही दिवस लागतात: तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, अतिशय पातळ काप काढून रंगवायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. "जरा लवकर करा" म्हटल्याने मेण लवकर गोठत नाही.

शौचावाटे लाल रक्त पडलं की सगळे मूळव्याध म्हणतात. न दुखता रक्त पडलं तर बऱ्याचदा मूळव्याध, काच फिरल्यासारखं दुखत असेल तर फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर. तरीही एकदा सर्जनला दाखवाच, विशेषतः चाळिशीनंतर, कारण आतड्याची गाठही अशीच रक्त पाडते.

काही वेळा लॅबची पायरी चढूच नका. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते), रक्ताची उलटी, काविळीबरोबर गुंगी किंवा बरळणं, पोट लाकडासारखं कडक होणं, किंवा 'गॅस' वाटणारं छातीतलं दडपण आणि सोबत घाम: यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करा किंवा सीपीआरचा (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाचा) अपघात विभाग गाठा. तो रात्रीही उघडा असतो. जाताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या.