समानार्थी गटांतून इंग्रजी शब्दसंग्रह

जवळच्या अर्थाचे चार-पाच इंग्रजी शब्द एकत्र मांडून त्यांच्यातले फरक पक्के करण्याची अभ्यासपद्धत. सातारा जिल्ह्यात ती मुख्यतः स्पर्धा परीक्षांच्या तयारीत कामी येते. साताऱ्यात १९६१ पासून सैनिक स्कूल आहे आणि एनडीएचे (सैन्याधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे) स्वप्न येथे अनेक घरांत असते. एनडीएच्या लेखी परीक्षेत इंग्रजीचे ५० प्रश्न २०० गुणांना असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १.३३ वजा. त्यांत अधोरेखित शब्दाच्या सर्वांत जवळचा शब्द विचारला जातो, आणि पर्यायांत अर्थाने शेजारी बसणारे शब्द असले की अंदाज महागात पडतो.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याकडे या पद्धतीचे निम्मे भांडवल आधीच असते. आपल्या स्वयंपाकघरात भाकरी शिळी होते, दूध नासते, खोबरे खवट होते, आंबा सडतो आणि बंद खोलीतल्या गोधड्यांना कुबट वास येतो. इंग्रजीतही ब्रेड ‘स्टेल’ होतो, दूध ‘सावर’, तेल आणि लोणी ‘रॅन्सिड’, फळ ‘रॉटन’, बंद खोली ‘मस्टी’. ‘रॅन्सिड म्हणजे खराब झालेले’ असे पाठ करणारा ‘रॅन्सिड ब्रेड’ लिहून मोकळा होतो. ‘रॅन्सिड म्हणजे खवट’ असे शिकलेला तसे लिहीत नाही, कारण खवट भाकरी त्याने कधी ऐकलेलीच नसते. बातमी तर दोन्ही भाषांत शिळीच होते. आमटी विटते, त्याला मात्र इंग्रजीत तितका नेमका शब्द नाही; ‘गॉन ऑफ’वर भागवावे लागते.

कोणता शब्द कशाला लागतो, हा झाला पहिला भेद. दुसरा आणि परीक्षेत जास्त फसवणारा भेद म्हणजे बोलणाऱ्याची नजर. ‘थ्रिफ्टी’ म्हणजे काटकसरी: जपून खर्च करून चार पैसे गाठीला बांधणारा, त्यात कौतुक आहे. ‘फ्रुगल’ माणसाच्या गरजाच कमी असतात. ‘स्टिंजी’ म्हणजे चिक्कू, बोलण्यातला शब्द. ‘मायझर्ली’ म्हणजे कवडीचुंबक. ‘पार्सिमोनियस’ हा लेखी भाषेतला शब्द माणसाला लावला तर दोष ठरतो, पण शास्त्रात कमीत कमी गृहीतकांवर उभ्या असलेल्या सिद्धान्ताला तो लावला तर गुण. तसेच ‘ऑब्स्टिनेट’ हेकेखोर आणि ‘टेनेशस’ चिवट. दोघेही मागे हटत नाहीत, एकाला नावे ठेवली जातात आणि दुसऱ्याला शाबासकी मिळते.

तिसरा भेद औपचारिकतेचा, तो इतिहासातून आला. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर जुन्या इंग्रजीवर फ्रेंचचा थर चढला, पुढे विद्वानांनी लॅटिनचा चढवला. म्हणून ‘आस्क’ घरगुती, ‘क्वेश्चन’ जरा औपचारिक, ‘इंटरोगेट’ पोलिसी चौकशीचा.

गट एका बैठकीत पाठ करणे ही या पद्धतीतली सर्वांत मोठी चूक आहे. टिंकहॅम (१९९३) आणि वेअरिंग (१९९७) या संशोधकांच्या प्रयोगांत अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकणाऱ्यांना ते असंबद्ध शब्दांपेक्षा जड गेले. शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून गट मांडायचा तो शेवटी. आधी ओळखीचा एक शब्द खुंटी म्हणून घ्यावा आणि त्याला एकच नवा शब्द जोडावा. तो दोन-तीन दिवसांत बसला की पुढचा. पाच शब्द जमल्यावर ते वहीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर घ्यावेत: शब्द रोमन लिपीत, उच्चार देवनागरीत, मराठी छटा, सोबत येणारी दोन नामे आणि स्वतःचे एक वाक्य. वाक्य असे हवे की गटातला दुसरा शब्द तिथे घातला तर ते बिघडेल. बिघडत नसेल तर भेद अजून कळलेला नाही. वाक्य खोडून नवे करावे. उजळणी १, ३, ७ आणि २१ व्या दिवशी, मराठी छटा झाकून.

नुसत्या समानार्थी कोशावर विसंबू नये. रॉजे या डॉक्टरांनी १८५२ मध्ये काढलेला प्रसिद्ध कोश शब्द सुमारे १,००० संकल्पनांखाली रचतो, पण व्याख्या देत नाही. ज्याला शब्द माहीत आहे पण आठवत नाही, त्याच्यासाठी तो आहे. शिकणाऱ्याने उदाहरणवाक्ये देणारा विद्यार्थी-कोश शेजारी ठेवावा.

याच जिल्ह्यातल्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. तशा कामात एका इंग्रजी संज्ञेला एक ठरलेला मराठी प्रतिशब्द लागतो, नाहीतर नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. ‘ऑब्स्टिनेट’सारख्या नेहमीच्या शब्दांना तोच नियम लावला की हट्टी, हेकेखोर, दुराग्रही, जिद्दी, चिवट हे सगळे एका ‘हट्टी’त कोंबले जातात आणि वहीत पाच इंग्रजी शब्दांसमोर एकच मराठी शब्द पाच वेळा लिहिलेला दिसतो.