प्राणघातक वाहनगुन्हे आणि पुनरपराध्यांना वाढीव शिक्षा

नशेत किंवा बेदरकारपणे वाहन चालवून दुसऱ्याचा जीव घेणाऱ्या चालकावर तशाच प्रकारचा गुन्हा पूर्वी सिद्ध झालेला असेल, तर पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्यापेक्षा त्याला अधिक कडक शिक्षा देण्याची तरतूद अनेक देशांच्या फौजदारी कायद्यांत आहे. ही वाढ मुख्यतः तीन वाटांनी केली जाते. काही कायदे शिक्षेची कमाल मर्यादा वाढवतात, काही किमान कारावास ठरवून न्यायाधीशाचे हात बांधतात, आणि काही ठिकाणी गुन्ह्याचे नावच बदलून तो निष्काळजीपणाच्या वर्गातून सदोष मनुष्यवधाच्या किंवा खुनाच्या वर्गात जातो. वाहन चालवण्याचा परवाना दीर्घकाळ किंवा कायमचा काढून घेणे ही तिन्हींबरोबर येणारी शिक्षा होय.

पुनरपराधी हा शब्द ऐकताच दोनदा माणसे मारलेला चालक डोळ्यांसमोर येतो. असा चालक विरळा. न्यायालयासमोर प्रत्यक्षात येणारा आरोपी बहुधा वेगळा असतो : काही वर्षांपूर्वी नाकाबंदीत तो नशेत सापडला, त्या रात्री कोणाला खरचटलेही नव्हते, त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि काही महिन्यांनी परवाना परत मिळवला. दंडाच्या पावतीवर मिटलेल्या त्या प्रकरणाला आजच्या मृत्यूच्या खटल्यात किती वजन द्यायचे, हा या कायद्याचा गाभ्याचा प्रश्न आहे. एकाच कृत्याबद्दल दोनदा शिक्षा नको, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. न्यायालयांनी त्याला सामान्यतः दिलेले उत्तर असे, की जुन्या गुन्ह्याची शिक्षा पुन्हा दिली जात नाही. तो गुन्हा पदरी असतानाही केलेले नवे कृत्य अधिक निंद्य ठरते, म्हणून त्याची शिक्षा वाढते.

हे उत्तर समजण्यासाठी आरोपीच्या मनःस्थितीच्या पायऱ्या लक्षात घ्याव्या लागतात. हयगय म्हणजे सामान्य शहाण्या माणसाने घेतली असती ती काळजी न घेणे. बेदरकारपणा म्हणजे धोका असूनही त्याची पर्वा न करणे. आणि या कृतीने कोणाचा तरी जीव जाऊ शकतो हे ठाऊक असताना ती करणे ही त्याहून वरची पायरी. चालकाच्या डोक्यात काय होते हे कोणी पाहिलेले नसते, म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांवरून तिसरीवर जाणे सरकारी पक्षाला फार अवघड जाते. पूर्वीची दोषसिद्धी इथे कामाला येते. ज्याला एकदा पकडून, न्यायालयात उभे करून, नशेत वाहन चालवणे जीवघेणे आहे असे सांगितले गेले, त्याला 'मला कल्पना नव्हती' असे म्हणायला जागा उरत नाही. वाढीव शिक्षेची जी अनेक समर्थने दिली जातात त्यांत हे सर्वांत भक्कम आहे, कारण ते सूडावर किंवा भविष्याच्या अंदाजावर उभे नाही. दिलेल्या आणि धुडकावलेल्या इशाऱ्यावर ते उभे आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने हा इशारा अक्षरशः कागदावर आणला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये वॉटसन खटल्यात असा निर्णय दिला, की नशेत वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्यावर परिस्थिती तशीच असेल तर दुसऱ्या दर्जाच्या (म्हणजे पूर्वनियोजित नसलेल्या) खुनाचा आरोप ठेवता येतो. त्या प्रकरणातील चालक स्वतःची मोटार घेऊनच बारमध्ये गेला होता, म्हणजे पिऊन झाल्यावर आपल्यालाच ती चालवत परतायचे आहे हे त्याला आधीपासून माहीत असणार, हा मुद्दा न्यायालयाने विचारात घेतला. पुढे राज्याच्या कायद्यात अशी सोय झाली, की नशेत वाहन चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्या प्रत्येकाला न्यायालयाने एक ठरावीक मजकूर ऐकवावा किंवा त्यावर सही घ्यावी. दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालवणे मानवी जीवितास अत्यंत धोकादायक आहे, आणि तू हे असेच चालू ठेवलेस व त्यातून कोणी मेले तर तुझ्यावर खुनाचा आरोप ठेवला जाऊ शकतो, असा त्याचा आशय आहे. सही केलेला तो कागद फाइलला लागतो. पुढे त्याच माणसाच्या हातून जीव गेला, तर सरकारी वकील नेमका तोच कागद पुरावा म्हणून न्यायालयापुढे ठेवतो. त्याच राज्यात नशेत वाहन चालवून घोर निष्काळजीपणाने केलेल्या मनुष्यवधाला ४, ६ किंवा १० वर्षे कारावास आहे. आरोपीवर तशा प्रकारची पूर्वदोषसिद्धी असेल तर तोच कारावास १५ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जातो. न्यूयॉर्क राज्यात गंभीर स्वरूपाच्या वाहनजन्य मनुष्यवधाला २५ वर्षांपर्यंत कैद असून, मागील १० वर्षांतील नशेत वाहन चालवल्याची दोषसिद्धी हे गुन्ह्याला तो दर्जा देणाऱ्या कारणांपैकी एक आहे.

या कायद्यांमागे बळी पडलेल्यांच्या घरच्यांचा मोठा वाटा आहे. कॅलिफोर्नियात १९८० मध्ये कँडी लाइटनर यांच्या १३ वर्षांच्या मुलीला एका मद्यपी चालकाने चिरडले. नशेत वाहन चालवल्याबद्दल तो आधीही पकडला गेला होता. त्याच वर्षी लाइटनर यांनी मद्यपी वाहनचालकांविरुद्ध मातांची संघटना उभी केली, आणि तोवर दुर्दैवी अपघात म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या मृत्यूंना गुन्हा म्हणायला तिने अमेरिकी समाजाला भाग पाडले. 'अपघात' हा शब्दच चालकाची जबाबदारी पुसून टाकतो, ही अशा कुटुंबांची तक्रार रास्त आहे.

कॅनडाची रचना जिन्यासारखी आहे. नशेत वाहन चालवून मृत्यू घडवणे या गुन्ह्याला तेथे कमाल शिक्षा जन्मठेप आहे. किमान शिक्षा मात्र पहिल्या गुन्ह्यास १,००० डॉलर दंड, दुसऱ्यास ३० दिवस आणि त्यापुढच्या प्रत्येक गुन्ह्यास १२० दिवस कैद अशी चढत जाते. मृत्यूच्या गुन्ह्यासाठी या पायऱ्या अगदीच बुटक्या वाटतात, पण प्रत्यक्षात दिल्या जाणाऱ्या शिक्षा त्यांच्या पुष्कळ वर असतात. धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षाही २०१८ मध्ये १४ वर्षांवरून जन्मठेपेपर्यंत नेण्यात आली.

जुना गुन्हा किती जुना असला तरी मोजावा, हा प्रश्न दक्षिण कोरियात घटनात्मक पातळीवर पोहोचला. मद्यपी चालकाच्या धडकेत मरण पावलेल्या एका तरुण सैनिकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१८ च्या कायदेदुरुस्तीने नशेत वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्यास किमान ३ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. त्याच लाटेत, मृत्यू झालेला नसला तरी दोन किंवा अधिक वेळा नशेत वाहन चालवणाऱ्यास २ ते ५ वर्षे कैद किंवा १ ते २ कोटी वॉन दंड अशी तरतूद आली. संवैधानिक न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२१ रोजी ही दुसरी तरतूद रद्द ठरवली. पहिल्या आणि दुसऱ्या गुन्ह्यांत किती काळ लोटला याची कसलीही मर्यादा तिच्यात नव्हती, त्यामुळे अनेक वर्षे नीट वागून एकदा घसरलेला माणूस आणि लागोपाठ दोन आठवड्यांत पकडला गेलेला माणूस एकाच तराजूत तोलले जात होते. विधिमंडळाने मग १० वर्षांची मर्यादा घालून तरतूद नव्याने केली. मर्यादा घालणे योग्यच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण इशाऱ्याची आठवण कालांतराने पुसट होते हे मान्य केल्यावरच इशारा हा शिक्षेचा आधार म्हणून टिकतो.

भारतीय कायद्यात या विषयावर एक मोठी पोकळी आहे. पूर्वदोषसिद्धीमुळे शिक्षा वाढवण्याचे तत्त्व भारतीय दंड संहितेत १८६० पासून होते. कलम ७५ ने ते नाणी व मुद्रांकांसंबंधीच्या आणि मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांना लागू केले होते. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ मध्येही ते त्याच मर्यादेत पुढे आले आहे. म्हणजे गंभीर चोरीत पुन्हा सापडलेल्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, पण वाहनाखाली दुसऱ्यांदा माणूस मारणाऱ्यासाठी संहितेत वेगळी पायरी नाही. बेदरकारपणे किंवा हयगयीने मृत्यू घडवण्यास जुन्या कलम ३०४-अ अन्वये जास्तीत जास्त २ वर्षे कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम १०६(१) ने ती ५ वर्षांपर्यंत नेली, मात्र गुन्हा पहिला की तिसरा याचा उल्लेख तेथेही नाही. पायऱ्या आहेत त्या मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८५ नुसार, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळल्यास पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. याच कलमाखाली दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास न्यायालयाने परवाना रद्द करावा, असेही हा कायदा सांगतो. धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये ३ वर्षांच्या आत गुन्हा पुन्हा घडल्यास शिक्षा वाढते. अशा रीतीने, पुन्हा पिऊन चालवण्याला वाढीव शिक्षा आहे. पुन्हा पिऊन चालवताना माणूस मेला तर त्या मृत्यूच्या कलमात मात्र ती वाढ दिसत नाही. न्यायालये ही पोकळी काही प्रमाणात दुसऱ्या वाटेने भरतात. परिणामाची जाणीव असताना कृत्य केले असे सिद्ध झाल्यास सदोष मनुष्यवधाचे कलम लावता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मुंबई व दिल्ली येथील दोन गाजलेल्या प्रकरणांत मद्यपी चालकांना त्याखाली दोषी धरले.

कायद्यात पायरी असली तरी तिच्यावर पाय पडायला पुरावा लागतो. भारतीय फौजदारी प्रक्रियेत पूर्वदोषसिद्धीमुळे शिक्षा वाढवायची असेल, तर ती दोषसिद्धी, तिची तारीख आणि ठिकाण दोषारोपात नमूद करावे लागते, आणि सत्र खटल्यात नव्या गुन्ह्यात आरोपी दोषी ठरेपर्यंत न्यायाधीशासमोर तिचा उल्लेख होत नाही, जेणेकरून जुन्या कलंकावरून नव्या खटल्याचा निकाल लागू नये. ही काळजी आवश्यकच आहे. पण तिच्यासाठी जुना निकाल हाताशी असावा लागतो, आणि एका राज्यातला दंड दुसऱ्या राज्यातल्या तपास अधिकाऱ्याला दिसलाच नाही तर सराईत चालक कागदावर पुन्हा नवखाच राहतो. रक्ताच्या नमुन्याचीही तीच गत. शरीरातील मद्यार्क दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतो, त्यामुळे मध्यरात्रीच्या धडकेनंतर पहाटे पाच वाजता घेतलेला नमुना चालकाच्या बाजूने बोलू लागतो. नशेत वाहन चालवल्याबद्दल अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी २ तासांच्या आत व्हावी, हे मोटार वाहन कायद्याचे बंधन याच कारणाने महत्त्वाचे आहे.

शिक्षा जितकी जबर, तितका पळून जाण्याचा मोह मोठा, हे कडक कायद्यांचे सर्वांत दुःखद अंग होय. जपानने १९९९ मध्ये टोक्योच्या द्रुतगती मार्गावर मद्यपी ट्रकचालकामुळे दोन चिमुकल्या बहिणींचा मृत्यू झाल्यानंतर, लोकांच्या सह्यांच्या मोहिमेला प्रतिसाद देत, २००१ मध्ये धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवण्याचा स्वतंत्र गुन्हा निर्माण केला. त्याची कमाल शिक्षा आधी १५ आणि नंतर २० वर्षे झाली. मात्र जखमीला रस्त्यावर टाकून निघून जायचे आणि नशा उतरल्यावर हजर व्हायचे, अशी पळवाट चालकांना फायद्याची ठरू लागली. २०१३ च्या जपानी कायद्याने मद्यार्काचा पुरावा लपवण्याच्या हेतूने केलेल्या अशा कृतीलाच १२ वर्षांपर्यंत कैद ठेवली. भारतात मृत्यू घडवून न कळवता पळणाऱ्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे न्याय संहितेचे कलम १०६(२) जानेवारी २०२४ मधील ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर संहिता लागू करताना बाजूला ठेवण्यात आले.

वाढीव शिक्षेने मृत्यू कमी होतात का, यावर अभ्यासकांचा कल सावध आहे. शिक्षेच्या जबरीपेक्षा ती चुकणार नाही आणि लगेच मिळेल ही खात्री गुन्हेगाराला अधिक रोखते, असे इटालियन विचारवंत बेकारिया यांनी १७६४ मध्येच मांडले होते, आणि वाहतुकीच्या गुन्ह्यांत ते विशेष लागू पडते. व्यसनाच्या पकडीतला माणूस स्टिअरिंगवर बसताना कलमे आठवत नाही. म्हणून कैदेच्या जोडीला देखरेख लागते. श्वासात मद्यार्क आढळल्यास इंजिन सुरू होऊ न देणारे उपकरण पुनरपराध्यांच्या वाहनांत बसवण्याची सक्ती अनेक ठिकाणी आहे. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात २००५ पासून चाललेल्या कार्यक्रमात अशा व्यक्तींना रोज सकाळ-संध्याकाळ श्वासचाचणीला हजर राहावे लागते आणि चाचणीत सापडल्यास त्याच दिवशी थोड्या काळासाठी कोठडीत जावे लागते.

परवानाबंदीतही एक बारकावा असतो. बंदी आणि कैद एकाच दिवशी सुरू झाली, तर चालक तुरुंगातून बाहेर येईपर्यंत बंदीचा मोठा भाग सरून जातो. ब्रिटनमध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांसाठी २०२२ पासून धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा १४ वर्षांवरून जन्मठेपेपर्यंत आणि परवानाबंदी किमान ५ वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. मद्यपानासाठी वारंवार दोषी ठरलेल्यांना परवाना परत मिळवण्याआधी वैद्यकीयदृष्ट्या योग्य असल्याचे सिद्ध करावे लागते. इंग्लंड व वेल्समधील न्यायालयांना बंदीचा काळ ठरवताना कैदेचा काळही त्यात मिळवावा लागतो, त्यामुळे चालक मोकळा होऊन पुन्हा रस्त्यावर येतो तेव्हा बंदीची पूर्ण मुदत त्याच्यापुढे उरलेली असते.