स्वमग्नतेच्या पदव्युत्तर अभ्यासामागचा इतिहास

स्वमग्नता किंवा ऑटिझम हा विषय आज पदव्युत्तर पातळीवर स्वतंत्रपणे शिकवला जातो आणि त्या वर्गांत मानसशास्त्राच्या पदवीधरांबरोबर शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, पालक आणि स्वतः स्वमग्न असलेले विद्यार्थीही असतात. हा विषय बालमानसोपचाराच्या चौकटीतून बाहेर पडला, म्हणूनच हे शक्य झाले.

१९४३ मध्ये बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ स्वमग्न मुलांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी आपले निरीक्षण मांडले. त्यांच्याही आधी, १९२५ मध्ये, सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांच्या अशाच नोंदी केल्या होत्या. त्यांच्याकडे इतकी दशके दुर्लक्ष व्हावे, ही या ज्ञानशाखेच्या इतिहासातील खेदाची गोष्ट आहे.

त्यानंतरचा काळ पालकांसाठी फार कठोर होता. आईच्या भावनाशून्य वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, हा समज १९५० आणि १९६०च्या दशकांत तज्ज्ञांमध्येही रुजला होता. मानसशास्त्रज्ञ आणि एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये त्याचे सविस्तर खंडन केले. पुढे १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या अभ्यासल्या, तेव्हा एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न आढळली, तर द्विबीज जुळ्यांच्या दहा जोड्यांत असे एकही उदाहरण नव्हते. नमुना लहान असला, तरी आनुवंशिकतेचा प्रश्न त्यानंतर टाळता येणार नव्हता.

अध्यापनाच्या दृष्टीने मात्र त्याहून मोठे वळण नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात आले. तेथे एरिक शॉप्लर यांनी पालकांना दोषी न मानता उपचारातील सहकारी मानले, आणि त्यातून १९७२ मध्ये ‘टीच’ हा राज्यव्यापी कार्यक्रम उभा राहिला. मूल कसे शिकते, वर्गाची रचना कशी असावी, सूचना डोळ्यांना दिसेल अशा रूपात कशी द्यावी, या प्रश्नांची उत्तरे केवळ निदान करता येणाऱ्या तज्ज्ञाजवळ नव्हती. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागणार होते.

१९७९ मध्ये लोर्ना विंग आणि ज्युडिथ गुल्ड यांचा लंडनच्या कॅम्बरवेल भागातील अभ्यास आला. कॅनर यांच्या वर्णनात न बसणारी कितीतरी मुले त्यातून समोर आली आणि पुढे वर्णपटाची (स्पेक्ट्रम), म्हणजे स्वमग्नता व्यक्तीगणिक वेगवेगळ्या रूपांत आणि प्रमाणात दिसते, ही कल्पना रूढ झाली. मानसिक विकारांच्या निदानाचे निकष देणाऱ्या अमेरिकी निदानसंहितेने (डीएसएम) १९८० मध्ये स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले आणि २०१३ मध्ये अ‍ॅस्पर्गर लक्षणसमूहासह तिचे उपप्रकार एकाच निदानाखाली आणले.

सर्वांत मूलगामी आक्षेप स्वमग्न अभ्यासकांकडून आला. दुसऱ्याचे मन ओळखण्यातील उणीव स्वमग्न व्यक्तीतच असते, या १९८५ पासून प्रभावी ठरलेल्या मांडणीला डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये आव्हान दिले. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते स्वतः स्वमग्न आहेत आणि त्यांची ही मांडणी आता पदव्युत्तर वाचनाचा भाग झाली आहे. न बोलणाऱ्या किंवा बौद्धिक अक्षमताही असणाऱ्या स्वमग्न व्यक्तींना मात्र संशोधनात अजूनही फार कमी स्थान मिळते, आणि त्यांचे मत कोणत्या पद्धतीने जाणून घ्यावे, हा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढील खरा अवघड प्रश्न आहे.