खडूसारखी तुटलेली स्प्रिंग

"तुमची गाडी मागून बसलीय, डावीकडे जास्तच," हे मला सीएनजीच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने सांगितलं. घरी येऊन टेप लावली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उजवीकडे 35 सेंटीमीटर भरले, डावीकडे साडेतेहेतीस. गतिरोधकावरून उतरताना मागून येणारा 'टक्क' आवाज मी महिनाभर ऐकत होतो, त्याचाही उलगडा झाला. डावी स्प्रिंग तुटली होती.

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तरी बोटभर जाडीची पोलादी तार अशी मोडावी, याचं मला नवल वाटलं. पॉलिटेक्निकला शिकणारा भाचा सुटीला आला होता. दोन्ही मागच्या स्प्रिंग घरीच बदलायचं आम्ही ठरवलं.

तुटलेला तुकडा वाटीत, म्हणजे स्प्रिंगचं खालचं टोक जिथे बसतं त्या खोलगट बैठकीत, अडकून राहिला होता. भाच्याने तो काढून माझ्या हातावर ठेवला. चंद्रकोरीसारखा वाकलेला, बोटभर लांब. तुटलेलं टोक पुसून उन्हात धरलं, तर ते काकडी कापल्यासारखं सरळ नव्हतं. तिरकस, वळत गेलेलं होतं. "मामा, ही खडूसारखी तुटलीय," भाचा म्हणाला.

त्याचं निरीक्षण अगदी नेमकं होतं. एक खडू घ्या, दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि ओला कपडा पिळतो तसा पिळा. खडू आडवा तुटत नाही, साधारण 45 अंशांत, मळसूत्रासारख्या वळणाने तुटतो. पिळताना त्याच्या पृष्ठभागावर सगळ्यात जास्त ओढ त्या तिरक्या दिशेलाच बसते आणि ठिसूळ वस्तू ओढ सोसत नाही. वाकवून मोडलेल्या खडूचं टोक असं दिसत नाही. म्हणजे आमची स्प्रिंग दाबून किंवा वाकून मोडली नव्हती, पिळून मोडली होती.

स्प्रिंगबद्दल समजून घ्यायची मुख्य गोष्ट हीच आहे. वरून आपण वेटोळी दाबतो, ती जवळ येताना दिसतात, पण आतली तार पिळली जात असते. स्प्रिंग उलगडून सरळ केली तर दोनेक मीटरचा गज मिळेल. त्याचं एक टोक भिंतीत घट्ट रोवून दुसरं पिळलं तर गाडी पेलण्याचं काम तोही करील. काही गाड्यांत खरोखरच असे सरळ गज असतात. गुंडाळून घेतलं की तेच काम वीतभर जागेत होतं, एवढाच वेटोळ्यांचा फायदा.

पीळ सोसायचा तर जाडी फार मोलाची. तारेच्या गाभ्यातलं पोलाद जवळजवळ स्वस्थ असतं, खरी झटापट कडेच्या थरात चालते. म्हणून स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. 11 मिलिमीटरऐवजी 12 मिलिमीटरची तार घेतली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर स्प्रिंग जवळपास 40 टक्क्यांनी कडक होते. एका मिलिमीटरचा एवढा फरक! दुकानात दोन स्प्रिंग सारख्याच दिसल्या तरी नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, आपल्या गाडीच्या मॉडेलचा पार्ट नंबर जुळवूनच घ्यावी, ते यासाठी.

आणि कडेच्या थरालाच सगळं सोसावं लागत असल्यामुळे घातही तिथूनच होतो. कारखान्यात स्प्रिंग तयार झाली की तिच्यावर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा जोरदार मारा करतात. प्रत्येक गोळीने पृष्ठभागावर इवलासा खळगा पडतो आणि वरची कातडी कायमची दाबात राहते. भेग पुढे सरकायची तर तिला फाकावं लागतं, दाबातली कातडी तिला फाकू देत नाही. माणसाने धातूवर केलेल्या उपचारांत मला हा फार सुंदर वाटतो. त्यावर रंगाचं जाड आवरण चढवतात. मग एखादा खडा उडून आवरणाचा टवका निघतो, वाटीत चिखल साचून राहतो, चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी हवा. गंज पोलाद कुरतडत त्या दाबलेल्या कातडीपलीकडे पोचला की भेगेला वाट मोकळी होते. आमच्या तुकड्याच्या टोकावर हा इतिहास जसाच्या तसा वाचता येत होता. कडेला नखाएवढा काळपट डाग, ती जुनी भेग, सावकाश वाढलेली. उरलेला भाग चकचकीत, दाणेदार, तो एका झटक्यात गेलेला. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथेही स्प्रिंग तुटणं हे रोजचंच.

उजवी स्प्रिंग शाबूत होती, पण तीही बसली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पोलादाचा मात्र वर्षानुवर्षांच्या ओझ्याखाली थोडा थोडा जातो. आमच्या डिकीत नंतर बसवून घेतलेली सीएनजीची टाकी आहे, गॅस धरून सुमारे 70 किलोची. म्हणजे दर स्प्रिंगवर 35 किलोचं जादा ओझं. एक मिलिमीटर दबायला अडीच किलो लागणारी स्प्रिंग धरली, तर नुसत्या टाकीनेच गाडी 14 मिलिमीटर खाली येते. यावर उपाय म्हणून वेटोळ्यांमध्ये रबरी बफर कोंबतात. गाडी वर येते, हे खरं. पण ज्या वेटोळ्यात बफर बसतो ते जवळजवळ कामातून बाद होतं आणि त्याच्या वाट्याचा पीळ बाकीच्यांना सोसावा लागतो. थकलेल्या, गंजलेल्या स्प्रिंगवर हा उपाय मी करणार नाही. एकच स्प्रिंग बदलणंही बरं नाही. एका बाजूला ताठ नवी आणि दुसरीकडे थकलेली जुनी, की गाडी तिरकी बसते आणि चारही चाकांवरचा भार बिघडतो.

घरी करायचं म्हटलं ते मागच्या स्प्रिंगचं, पुढच्या नव्हे. पुढे बहुतेक गाड्यांत स्प्रिंग शॉकअपवरच, म्हणजे झोके आवरणाऱ्या नळकांड्यावरच, दाबून बसवलेली असते. समजा ती 100 मिलिमीटर दबलेली आहे आणि 250 किलोचा जोर देते आहे. मग तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे 125 ज्यूल होते, म्हणजे अडीच मीटरवरून पडणाऱ्या 5 किलोच्या दगडाएवढी. वरचा नट सुटला की ही सगळी ऊर्जा क्षणात समोरच्या माणसावर येते. ते काम गॅरेजमध्ये, योग्य दाबयंत्र लावूनच व्हावं. छोट्या गाड्यांत मागे बहुधा शॉकअप वेगळा आणि स्प्रिंग वेगळी असते. ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, खाली सोडला की स्प्रिंग आपोआप सैल होते. काही गाड्यांत मागेही ती शॉकअपवर चढवलेली असते, तिथे यातलं काही करू नये.

आम्ही अंगणातल्या सिमेंटच्या सपाट कोब्यावर गाडी घेतली. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि तीच चाकं उचलायची होती, म्हणून त्याच्या भरवशावर न राहता पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी मारल्या, गिअर पहिला टाकला. जॅकने मागचा भाग उचलून कंपनीने नेमून दिलेल्या जागी दोन लोखंडी स्टँड लावले आणि गाडी त्यांच्यावर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. विटाही लावू नयेत, त्या न सांगता फुटतात. चाकं काढली. दुसरा जॅक ॲक्सलखाली लावला, मगच शॉकअपच्या खालच्या बोल्टांना हात घातला. स्प्रिंगचा उरलेला जोर त्या बोल्टांनीच रोखून धरलेला असतो. जॅकचा आधार न देता ते काढले तर ॲक्सल धाडकन खाली येतो.

बोल्ट निघेनात. आदल्या रात्री तेल सोडलं होतं, तरी पान्याला लांब पाइप लावून जोर करावा लागला. त्यात तासभर गेला. नंतर जॅक अगदी सावकाश उतरवला. भाचा वाकून ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेची, वायर ताणली जात नाही ना, हे बघत राहिला. वीतभर खाली आल्यावर स्प्रिंग हातानेच निघाली. वाटी ब्रशने घासली, वरखालचे रबरी पॅड नवे घातले. नव्या स्प्रिंगचं टोक वाटीतल्या पायरीला बरोबर टेकवलं, कारण तिथे बोटभर फरक पडला तरी स्प्रिंग पहिल्याच खड्ड्यात फिरून बसते.

बोल्ट आवळतानाही पीळच सांभाळायचा असतो. शॉकअपच्या खालच्या डोळ्यात, म्हणजे बोल्टाच्या गोल भोकात, रबरी अस्तरासारखा बुश असतो. तो लोंबत्या ॲक्सलवर घट्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी नुसते बसवले. चाकं चढवून गाडी जमिनीवर घेतली, चार वेळा दाबून सोडली आणि मग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळले.

भाच्याला आधी जाड तारेची, आणखी कडक स्प्रिंग हवी होती. त्याला मी मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याची गोष्ट सांगितली. 1932 साली अमेरिकेत, कॅडिलॅक कंपनीत, त्याने एका गाडीला वजनं सरकवता येतील अशी सोय केली, स्प्रिंग बदलत गेला आणि माणसं बसवून विचारत राहिला, कसं वाटतं? उत्तर असं निघालं की मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद झुलली पाहिजे, म्हणजे तिथली स्प्रिंग तिच्यावरच्या भाराच्या मानाने थोडी कडक हवी. 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या छोट्या गाडीचं मागचं चाक पुढच्यानंतर साधारण एक सप्तमांश सेकंदाने त्याच उंचवट्यावर येतं. मागची बाजू जरा चपळ असली तर ती पुढच्या झोक्याला गाठते आणि गाडी होडीसारखी पुढेमागे डुलायची थांबते. जरा चपळ, फार नाही. फार कडक केली की मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची कंबर जाते. आम्ही कंपनीच्या मापाचीच बसवली.

पुन्हा टेप लावली. दोन्हीकडे 37.3, म्हणजे सरासरी 3 सेंटीमीटर वर. मागची बाजू बसली की हेडलाइट वर बघू लागतात, हे मला माहीत होतं, म्हणून आदल्या रात्री चिऱ्यांच्या गडग्यापासून पाच मीटरवर गाडी उभी करून उजेडाची वरची कड खडूने आखून ठेवली होती. अंधार पडल्यावर त्याच जागी गाडी लावली आणि दिवे पेटवले. उजेडाची कड त्या रेघेच्या 6 सेंटीमीटर खाली आली होती. 50 मीटरवर हाच फरक 60 सेंटीमीटरच्या वर जातो, म्हणजे इतके महिने माझा उजेड थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जात होता. भाच्याने खिशातला खडू काढला आणि जुन्या रेघेखाली नवी रेघ ओढली.