वीज आणि उष्णतेच्या पॉवर युनिट्सचं रूपांतर

वीज वॅट-किलोवॅटमध्ये मोजतात, उष्णता किलोकॅलरी, बीटीयू (ब्रिटिश थर्मल युनिट, एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता) नाहीतर टनात, पण पॉवर म्हणजे सेकंदाला किती ऊर्जा गेली हे दोन्हीकडे एकच आहे. हे सिद्ध व्हायला 1840चं दशक उजाडावं लागलं. त्याआधी उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे असं बरेच जण मानायचे. इंग्लिश शास्त्रज्ञ जेम्स ज्यूलने 1841 मध्ये दाखवलं की तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि मग वजन खाली सोडून पाण्यात पाती फिरवली आणि पाणी किती तापलं, म्हणजे किती कामाची किती उष्णता होते, ते मोजलं, मला तर हा प्रयोग फार सुंदर वाटतो.

सगळ्यात जास्त लागणारा आकडा 860. तो पाठ करण्यापेक्षा येतो कुठून ते बघितलेलं बरं: 1 किलोवॅट म्हणजे सेकंदाला 1000 ज्यूल, तासाला 36 लाख, आणि एक किलोकॅलरी साधारण 4187 ज्यूलची, भागलं की 859.8 येतात. म्हणून 1 किलोवॅट = तासाला 860 किलोकॅलरी. बीटीयूमध्ये तेच तासाला 3412.

आता गीझर घ्या. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला साधारण एक किलोकॅलरी लागते. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 वर न्यायचंय, म्हणजे 15 गुणिले 25, 375 किलोकॅलरी. 2 किलोवॅटचं कॉइल तासाला 1720 देतं, म्हणजे 13 मिनिटं लागणार, टाकीतून बाहेर जाणारी उष्णता धरली तर थोडी जास्त.

टनाचा घोळ वेगळा आहे. हा टन वजनाचा नाही, 2000 पौंड बर्फ 24 तासांत वितळताना जेवढ्या दराने उष्णता शोषतो तेवढं कूलिंग, म्हणजे तासाला 12000 बीटीयू किंवा 3.517 किलोवॅट. त्यामुळे दीड टनाचा एसी 5.3 किलोवॅट वीज खातो असं खूप जण हिशोब करतात, आणि तो साफ चुकतो! तो खोलीतून 5.3 किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, त्यासाठी समजा दीड किलोवॅट वीज घेतो. एसी उष्णता तयार करत नाही, नुसती उचलून बाहेर टाकतो, म्हणून आकडा विजेपेक्षा मोठा येतो आणि त्यात काही जादू नाही. काढलेली उष्णता भागिले घेतलेली वीज, याला सीओपी म्हणतात, इथे साधारण 3.5. ईईआर दिलेला असेल, म्हणजे वॅटमागे तासाचे बीटीयू, तर त्याला 3.412 ने भागा, सीओपी मिळतो.

पॉवर स्टेशनमध्ये नेमकं उलटं, उष्णता जास्त आणि वीज कमी, म्हणून तिथे मेगावॅट लिहिताना औष्णिक की विद्युत हे सांगावंच लागतं. एका युनिट विजेला (1 किलोवॅट एक तासभर, म्हणजे 860 किलोकॅलरी) 2400 किलोकॅलरीचं इंधन जळत असेल तर 860 भागिले 2400, कार्यक्षमता सुमारे 36 टक्के, बाकीची उष्णता मुख्यतः कंडेन्सरच्या, म्हणजे वापरलेली वाफ थंड करणाऱ्या यंत्राच्या, पाण्यातून आणि चिमणीतून जाते.