ॲरेची लिस्ट करून तपासणी

जावात युनिट टेस्ट (कोडचा छोटा तुकडा बरोबर चालतो का ते तपासणारा कोड) लिहिताना ॲरेमध्ये, म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांच्या रांगेत, नेमकं काय आहे हे बघायची ही एक रुळलेली पद्धत. ॲरे तसाच न तपासता त्याला लिस्टचं रूप द्यायचं आणि मग लिस्टवर चालणारी सगळी असर्शन्स (हवं तेच आलंय का हे तपासणारी विधानं) त्याच्यावर चालवायची. गूगलच्या ट्रूथ लायब्ररीत (ग्वाव्हा या गूगलच्याच जावा लायब्ररीची टीम ती सांभाळते) यासाठी ‘ॲज लिस्ट’ नावाची मेथड आहे, असर्ट दॅटमध्ये ॲरे टाकला की पुढे ती जोडायची, बास.

मुळात ही भानगड लागते कारण जावाचा ॲरे ‘इक्वल्स’च्या (दोन गोष्टी सारख्या आहेत का ते सांगणारी मेथड) बाबतीत अगदीच बिनकामाचा आहे, आतली एलिमेंट्स तंतोतंत सारखी असली तरी दोन ॲरे वेगळेच धरले जातात, आणि इंटचा (पूर्णांकांचा) ॲरे प्रिंट केला तर चौकटी कंस, आय, ॲट आणि पुढे हेक्स आकडे असला कचरा समोर येतो. जेयुनिट ४ या टेस्ट फ्रेमवर्कमध्ये ‘असर्ट ॲरे इक्वल्स’ आहे, पण ते पूर्ण ॲरे क्रमासकट जुळतोय का एवढंच सांगतं. यात अमुक आकडा आहे का, क्रम कसाही चालेल, असलं विचारायचं तर लिस्टच बरी. शिवाय टेस्ट फेल झाली की ट्रूथ काय कमी पडलं आणि काय जास्तीचं आलं ते वेगवेगळं दाखवतं, लॉग वाचताना याचा खरा फायदा कळतो.

हे रूपांतर हाताने करायला गेलं की नवखे हमखास फसतात. तीन इंटचा ॲरे जावातल्या ‘ॲरेज डॉट ॲज लिस्ट’ला दिला की तीन आकड्यांची लिस्ट मिळत नाही, आख्खा ॲरे हेच एक एलिमेंट असलेली लिस्ट मिळते, कारण इंट हा प्रिमिटिव्ह, म्हणजे ऑब्जेक्ट नसलेला साधा प्रकार, आणि लिस्टचा प्रकार ठरवणाऱ्या जेनेरिक्समध्ये तो बसत नाही. ग्वाव्हातलं ‘इंट्स डॉट ॲज लिस्ट’ यासाठीच आहे. तसंच लिस्टमध्ये इंटिजर ३ असेल आणि आपण लाँग ३ मागितला तर जुळत नाही, दिसायला दोन्ही ३ च.

सगळ्यात जास्त घोळ होतो नेमकी एवढीच एलिमेंट्स आहेत का बघणाऱ्या ‘कंटेन्स एक्झॅक्टली’वर. समजा ॲरेत ३, १, २ आहे आणि आपण १, २, ३ मागितलं, तर ट्रूथमध्ये टेस्ट पास, कारण तिथे क्रम हवा असेल तर पुढे ‘इन ऑर्डर’ लावावं लागतं. ॲसर्टजे या दुसऱ्या असर्शन लायब्ररीमध्ये त्याच नावाची मेथड क्रमही बघते म्हणून फेल, क्रम नको असेल तर तिथे ‘कंटेन्स एक्झॅक्टली इन एनी ऑर्डर’. एका लायब्ररीतून दुसरीकडे टेस्ट हलवताना नुसता इम्पोर्ट बदलून मोकळं होणाऱ्यांनी हे आधी बघावं, नाहीतर क्रम बिघडलेला असूनही टेस्ट हिरवी, म्हणजे पास. ॲसर्टजेमध्ये तसंही ही असर्शन्स थेट ॲरेवरच चालतात, लिस्ट करायची गरज पडत नाही.

डबल आणि फ्लोटच्या ॲरेला मात्र हा रस्ता नको, डबलमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येतच नाही, तिथे थोडा फरक चालवून घेणारं ट्रूथचं ‘युझिंग टॉलरन्स’. आणि ॲरेच्या आत ॲरे असेल तर लिस्ट केल्यावर आतले ॲरे पुन्हा त्याच जुन्या ‘इक्वल्स’ने तपासले जातात, म्हणून तिथे सरळ ‘इज इक्वल टू’ वापरलेलं बरं, ते आतपर्यंत जाऊन बघतं.