राक्षसी हेकरू आणि गायकवाडांचा समुद्र

केंद्र सरकारने २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत काही सागरी जीवांची भर घातली. त्यांत देवमुशी, समुद्रघोडे व प्रवाळ यांच्याबरोबर राक्षसी हेकरू या माशाचेही नाव होते. प्रवाळखडकांत राहणाऱ्या अस्थिमत्स्यांमध्ये (हाडांचा सांगाडा असलेल्या माशांमध्ये) हा सर्वांत मोठा असून त्याची लांबी सुमारे २.७ मीटरपर्यंत आणि वजन ४०० किलोच्या आसपास जाऊ शकते. तांबड्या समुद्रापासून हवाईपर्यंत त्याचा वावर आहे. ज्या प्रवाळपट्ट्यांवर अशा माशांचे जीवन अवलंबून असते, त्यांच्या भारतातील नोंदींचा एक धागा वडोदऱ्याच्या दरबारापर्यंत जातो.

वडोदऱ्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या देवमाशाचा सांगाडा पाहत इथल्या मराठी मुलांच्या पिढ्या वाढल्या (देवमासा हा मासा नव्हे, ही दुरुस्ती घरी परतताना कुणीतरी करतेच), त्यामुळे समुद्र म्हटला की अनेकांना तोच आठवतो. प्रत्यक्षात द्वारका, बेट द्वारका आणि ओखा यांचा ओखामंडळ हा सौराष्ट्राच्या टोकाचा प्रदेश १८१७ पासून गायकवाडांकडे होता. तो कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असल्याने प्रवाळांचे उथळ पट्टेही त्यांच्याच राज्यात आले. सयाजीराव तिसरे यांच्या सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून या किनाऱ्याची पाहणी करवून घेतली आणि तिचा अहवाल १९०९ व १९१६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. शंख आणि मोती यांतून राज्याला काय मिळवता येईल, हा त्यामागचा व्यवहारी प्रश्न होता. तावदानासारख्या पातळ शिंपल्यांतील बारीक मोत्यांचीही त्यात दखल होती. तरीही उत्पन्नासाठी हाती घेतलेल्या या कामातून तिथल्या प्राणिसृष्टीची जी पद्धतशीर नोंद झाली, ती मला त्या मोत्यांपेक्षा मोलाची वाटते.

पुढे याच आखातात सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली गेली. आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर १९८० मध्ये सागरी अभयारण्य आणि १९८२ मध्ये देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, म्हणजे अधिवासाला संरक्षण आधी मिळाले आणि माशाचे नाव अनुसूचीत त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी आले.

हेकरूला स्वतंत्र संरक्षण का लागते, याचे उत्तर त्याच्या जीवनक्रमात आहे. गुहा, कपारी किंवा बुडालेली जहाजे यांत तो एकटा दबा धरून राहतो आणि शेवंड, खेकडे, मासे, क्वचित लहान मुशी किंवा कासवांची पिले गिळतो, तर त्याची काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची पिले खाड्यांतही आढळतात. हेकरू कुळातील बहुतेक जातींत मासा प्रथम मादी म्हणून वयात येतो आणि वाढल्यावर त्यांतील काही नर होतात, त्यामुळे मोठे मासे निवडून मारले की नरांचीच संख्या घटते. शिवाय अनेक जाती अंडी घालण्यासाठी ठरावीक हंगामात ठरावीक जागी जमतात. ती जागा एकदा मच्छीमारांना कळली, की काही हंगामांत थवा विरळ होतो. हाँगकाँगच्या उपाहारगृहांतील जिवंत माशांच्या मागणीने हा ताण पुष्कळ वाढवला. तैवानमध्ये राक्षसी हेकरूचे कृत्रिम प्रजनन साधले आहे, पण शेततळ्यातल्या पैदाशीमुळे खडकांतले मासे परत येत नाहीत.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत तो पूर्वी ‘असुरक्षित’ गटात होता, नंतर ‘माहिती अपुरी’ या गटात गेला. हा बदल संकट टळल्याची खूण म्हणून वाचणे चूक ठरेल, कारण एवढ्या विरळ आणि एकाकी माशाची मोजदादच अवघड असते. कायद्याची अडचण मात्र निराळी आहे. २००१ च्या यादीत हेकरू कुळातील ही एकच जात आली, आणि तिच्यासारखाच जीवनक्रम असलेले तिचे भाऊबंद मासळीबाजारात हेकरू किंवा गोबरा या नावाने आजही उघडपणे विकले जातात.